फौजी असला तरी वर्ग चुकत नाही

गोव्यातल्या साखळी गावच्या एका निवृत्त हवालदारांची छोटी सिक्युरिटी एजन्सी आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत अकरा गार्ड: आठ माजी सैनिक, तीन गावची पोरं. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र एकाकडेही नाही म्हणून नोटीस आली, ती चवथीच्या गडबडीत कपाटावरच राहिली. आता ओळखीचा कुणी मागच्या तारखेची प्रमाणपत्रं काढून देतो म्हणतोय. घ्यावीत का, असं ते विचारतात.

‘फौजीला आणखी काय शिकवायचं?’ हे मी पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या अशिलांकडून ऐकलंय. हवालदारसाहेब, 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याचं कलम 10 एकदा वाचा. माजी सैनिकाला नोकरीत प्राधान्य देता येतं, एवढंच तिथं आहे. प्राधान्य म्हणजे माफी नव्हे. सवलत आहे ती तासांत. केंद्राच्या नमुना नियमांत इतरांना वर्गात 100 तास आणि प्रत्यक्ष 60, किमान 20 कामाच्या दिवसांत. फौजींना 40 आणि 16, किमान सात दिवसांत. हे सात दिवस तुम्हाला इतक्या वर्षांत सापडले नाहीत! शिवाय कलम म्हणतं, प्रशिक्षण पुरं केल्याशिवाय माणूस कामावर ठेवायचाच नाही. आज शिकवलंत म्हणून मागचं पुसलं जाणार नाही, पण परवाना वाचवायला तेवढाच आधार आहे.

मागच्या तारखेच्या कागदाला हातही लावू नका. प्रमाणपत्र म्हणेल, गार्ड मार्चभर पणजीत वर्गात होता. तुमच्याच हजेरीपटावर तो रोज वेर्ण्याच्या गेटवर सही करतोय, पीएफही तुम्हीच भरलाय. तपासणीला आलेला माणूस दोन्ही कागद शेजारी ठेवेल, झालं. कलम 10 मोडल्याला 25,000 रुपयांपर्यंत दंड, वर परवाना निलंबित किंवा रद्द. खोटं प्रमाणपत्र खरं म्हणून वापरलंत तर भारतीय न्याय संहितेचं कलम 235 लागतं, आणि तिथं तुरुंग आहे.

मुदत उलटली असली तरी याच आठवड्यात लेखी उत्तर द्या. चूक कबूल करा, प्रशिक्षणाच्या बॅचच्या तारखा आणि फीच्या पावत्या जोडा. बॅच संपेपर्यंत त्यातल्या एकाही गार्डला गेटवर उभा करू नका. यावरून कंपनीनं बिल अडवलं तर काय, ते करार बघितल्याशिवाय सांगत नाही.

परवाना रद्द झालाच तर अपील गृह सचिवांकडे, आदेशाच्या तारखेपासून 60 दिवसांत. ते पाकीट आलं की कपाटावर टाकायच्या आधी फोटो काढून मला पाठवा.