मताचा हक्क मिळायच्या आधी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘ग्रीन कार्ड आहे, पण मत नाही. मग गावच्या कारभारात मी कशाला पडू?’ हे तुझं वाक्य मला झोपू देईना. म्हणून दलीपसिंग सौंद यांच्याविषयी लिहितोय.

पंजाबातल्या छज्जलवाडीचा हा मुलगा १९२० साली अमेरिकेत बर्कलेला शिकायला आला. १९२४मध्ये गणितात डॉक्टरेट मिळवली. पण आदल्याच वर्षी तिथल्या सुप्रीम कोर्टानं भारतीयांना नागरिकत्वाचं दार बंद केलं होतं. इतकं शिकून सौंद कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल व्हॅलीच्या रणरणत्या उन्हात शेती करायला गेले. लेट्यूस पिकवलं, कर्जबाजारी झाले, पण दिवाळखोरी न पत्करता पै-पै फेडली.

आणि मत नसताना गप्प बसले नाहीत. सभांमधून बोलत राहिले, भारतीयांना नागरिकत्व मिळावं म्हणून झटले. १९४६ साली तो कायदा झाला आणि डिसेंबर १९४९मध्ये ते स्वतः नागरिक झाले, पन्नाशीत!

पुढचा भाग नीट वाच. १९५०मध्ये वेस्टमोरलंड या छोट्याशा गावात ते न्यायाधीशपदाची निवडणूक जिंकले आणि ती रद्द झाली. कारण नागरिक होऊन वर्ष पुरं व्हायला काही आठवडे कमी पडले होते. मी असतो तर कायमचा कडवट झालो असतो. सौंद १९५२मध्ये पुन्हा उभे राहिले. कुणीतरी चारचौघांत टोमणा मारला, ‘तुमच्या कोर्टात यायला पगडी तुम्ही देणार, की आम्हीच विकत आणायची?’ ते म्हणाले, डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, डोक्यात काय आहे ते मी बघतो. आणि जिंकले.

त्याच छोट्या कोर्टातून ते १९५६मध्ये अमेरिकन काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेले. तिथे मताचा हक्क असलेले सदस्य म्हणून पोचलेले ते पहिले आशियाई. त्या निवडणुकीत समोर जॅकलिन कॉक्रन होत्या, ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या पहिल्या महिला वैमानिक. १९५७च्या नागरी हक्क कायद्याला सौंद यांनी मत दिलं. तीन वेळा निवडून आले. १९६२मध्ये पक्षाघातानं गाठलं आणि चौथी निवडणूक हातची गेली.

तुझ्या शहराच्या कौन्सिलची बैठक सगळ्यांना खुली असते. बोलायला उभं राहिलास तर तिथे कुणी पासपोर्ट मागत नाही. पुढच्या बैठकीला जा आणि बसस्टॉपवरच्या सावलीचा तुझा तो मुद्दा मांड. काय झालं ते मला रात्री फोन करून सांग, मी जागा आहे.

तुझा,
काका