वाचकांचे प्रश्न : बहुमत संपाच्या बाजूने, मान्यता मात्र दुसऱ्या संघटनेला

प्रश्न : मुंबईतील १९८२च्या गिरणी संपात बहुतेक कामगार संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे होते, असे आमच्या घरातील जुने गिरणी कामगार सांगतात. मग वाटाघाटींचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त संघटनेकडेच कसा राहिला? न्यायालयात दाद मागता आली नसती का?

उत्तर : याचे मूळ मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ या कायद्यात आहे. अहमदाबादच्या मजूर महाजन या गिरणी कामगार संघटनेत घडलेले गुलझारीलाल नंदा त्या वेळी मुंबई प्रांताचे मजूरमंत्री होते. एका क्षेत्रातील एका उद्योगात एकच संघटना कामगारांच्या वतीने बोलेल, म्हणजे संघटनांच्या आपसातील चढाओढीत कामगार भरडला जाणार नाही, अशी या कायद्यामागची भूमिका होती आणि ती प्रामाणिक होती, असे मला वाटते. दोष होता तो प्रतिनिधित्व मोजण्याच्या रीतीत.

‘प्रातिनिधिक संघटना’ ठरण्यासाठी त्या क्षेत्रातील २५ टक्के कामगार सभासद असणे पुरेसे होते आणि ही संख्या गुप्त मतदानाने नव्हे, तर सभासद नोंदवही व वर्गणीचा हिशेब तपासून निबंधक ठरवीत असत. कायद्याने मान्य केलेल्या संघटनेला पगारवाटपाच्या ठिकाणीच वर्गणी गोळा करण्याची मुभा होती. नव्या संघटनेला ती सोय नव्हती. शिवाय मुंबईतील सगळ्या कापड गिरण्या मिळून एक क्षेत्र मानले जात असल्यामुळे चार-दोन गिरण्यांत बहुमत मिळवून काहीच साधत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पण पगारच बंद असलेल्या कामगाराने नव्या संघटनेची वर्गणी महिनोन्‌महिने नियमित भरून नोंदवहीत आपले बहुमत सिद्ध करावे, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

न्यायालयाचा मार्गही अरुंद होता. प्रातिनिधिक संघटना पुढे आली की कामगाराला या कायद्याखालील कामकाजात स्वतंत्रपणे उभे राहता येत नसे आणि तिने केलेला करार सभासद नसलेल्यांनाही बांधून ठेवी. गुजरात स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितले होते की, संघटना सद्‌हेतूने वागते की नाही, या मुद्द्यावर ही मनाई उठत नाही.

महाराष्ट्राने कामगार संघटनांच्या मान्यतेसाठी १९७१ मध्ये वेगळा कायदा केला. त्यात ३० टक्के सभासदत्वाची अट आहे, पण निर्णय औद्योगिक न्यायालयाकडे आणि एकेका आस्थापनेपुरता असतो. मात्र १९४६चा कायदा लागू असलेल्या उद्योगांना मान्यतेची ही तरतूद लागू नव्हती, त्यामुळे गिरणी कामगार तिच्या बाहेरच राहिले. म्हणूनच पगारवाढीच्या बरोबरीने १९४६चा कायदा रद्द करा, ही संपकऱ्यांची प्रमुख मागणी होती.