सायकल कॉम्प्युटर घेताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आतापर्यंत मोबाइलवरच राइड रेकॉर्ड करत आलो. आता ३०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे. नकाशावाला महागडा कॉम्प्युटर घ्यावा, की मार्गाची नुसती रेघ दाखवणारा स्वस्तातला चालेल? (सातारा)

उत्तर: बीआरएमला रेघ पुरते. मार्ग आयोजकांनी आखून दिलेला असतो, तुम्हाला फक्त त्यावर राहायचं असतं. नकाशाचा खरा उपयोग अनोळखी गावांतून स्वतः वाट काढत फिरणाऱ्याला. तीन रस्ते फुटतात तिथे नुसत्या रेघेवर आपला फाटा कोणता हे थोडं पुढे गेल्याशिवाय कळत नाही. गार्मिन एज ५४० किंवा वाहू बोल्टसारख्या नकाशावाल्या यंत्रावर आधीच दिसतं.

पैसे मोजायचेच तर बॅटरीसाठी मोजा. ३०० ला वेळमर्यादा २० तासांची. एज १३० प्लस छोटा आणि गुणी, पण कंपनीच बॅटरी १२ तास सांगते, म्हणजे तुमच्या कामाला तो बाद. जिथे २५ तास लिहिलेत, तिथेही मार्ग, सेन्सर आणि रात्रभर पडद्याचा उजेड चालू ठेवला की आकडा बराच खाली येतो. पॉवर बँक न्याच, पण घरी एकदा जोडून बघा: काही यंत्रं केबल लागताच आपण संगणकाला जोडलो गेलो असं समजून राइड थांबवतात. अशा वेळी डेटा न वाहणारी, फक्त चार्जिंगची केबल वापरून बघा.

आता मार्गाची फाइल. ती वेगवेगळ्या प्रकारांत मिळते. जीपीएक्समध्ये बहुतेकदा नुसते बिंदू असतात, वळणाच्या सूचना नसतात. टीसीएक्स किंवा फिट प्रकारात मिळत असेल तर तीच घ्या. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो जाऊन त्याच रस्त्याने परत येण्याच्या मार्गावर. जातानाची आणि येतानाची रेघ एकमेकींवर बसते, कॉम्प्युटर मध्येच परतीची रेघ पकडतो आणि उरलेलं अंतर अचानक २५० वरून ५० वर येतं, नाहीतर मागे फिरायला सांगतो. उपाय सोपा आहे: परत फिरण्याच्या कंट्रोलपाशी (वाटेतल्या तपासणीच्या थांब्यापाशी) मार्ग तोडून दोन फाइली करा आणि तिथे पोचल्यावर दुसरी लावा. नकाशावाला घेतलात तर आपोआप नवा मार्ग शोधण्याची सोय बीआरएमपुरती बंद ठेवा. तो जवळचा रस्ता काढून देतो, त्यात कंट्रोल सुटतो, आणि ब्रेव्हे कार्डावर (राइडच्या नोंदीच्या कार्डावर) त्या कंट्रोलचा शिक्का नसेल तर सगळी मेहनत पाण्यात.

प्रश्न: छातीचा हार्ट रेट पट्टा मोबाइलवर दिसतो, कॉम्प्युटरला मात्र सापडत नाही. पट्टा बदलून घेऊ का? (ठाणे)

उत्तर: नको. बरेच पट्टे ब्लूटूथवर एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात आणि तुमचा मोबाइलशी बोलतोय. मोबाइलवरचं ॲप पूर्ण बंद करा, ब्लूटूथच्या यादीतून पट्टा काढून टाका, मग कॉम्प्युटरच्या सेन्सर मेन्यूतून शोधा. पट्ट्यात आणि कॉम्प्युटरमध्ये दोन्हीकडे अँट प्लस (ब्लूटूथसारखीच, सेन्सरसाठीची बिनतारी जोडणी) असेल तर तेच निवडा. त्यावर एकच सेन्सर कितीही यंत्रं एकदम ऐकू शकतात. पट्टा छातीवर असतानाच शोधा आणि आतली रबरी जागा ओली करून घ्या. कोरड्या कातडीवर सुरुवातीला आकडे काहीच्या काही येतात.

ट्रेनिंग हाच हेतू असेल तर कॉम्प्युटर मधल्या किमतीचा घ्या आणि उरलेले पैसे पट्टा व केडन्स सेन्सरवर (मिनिटाला पायडलचे फेरे मोजणाऱ्या) घाला. भारी पडद्याने झोन (हार्ट रेटचे टप्पे) कळत नाहीत. पुढे पॉवर मीटर (पायडलवर लावलेली ताकद मोजणारं यंत्र) घेतलात तर पडद्यावर तीन सेकंदांची सरासरी लावा. क्षणाक्षणाची पॉवर इतकी उड्या मारते की तिच्यावर इंटरव्हल (ठरावीक वेळ जोर लावायचा टप्पा) धरता येत नाही.

प्रश्न: पावसात घाट चढताना चढाची टक्केवारी शून्यावरच अडकते. (पुणे)

उत्तर: उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते. त्यासाठी यंत्राला बारीक छिद्र असतं, ते पाण्याने किंवा घामाच्या मिठाने बुजलंय. साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळू द्या. सुई घालू नका, आतला पातळ पापुद्रा फाटतो. पावसाळ्यात टचस्क्रीनपेक्षा बटणंच बरी. थेंबही पानं उलटतात.

प्रश्न: स्पीड सेन्सर लावूनही १०० किलोमीटरला माझं अंतर मित्रांपेक्षा दीड किलोमीटर कमी येतं. (नाशिक)

उत्तर: चाकाचा परीघ चुकीचा भरलाय. ७०० बाय २५ टायरला २१०५ मिलिमीटर धरतात, ७०० बाय २८ ला २१३६. टायर बदलला आणि आकडा तोच राहिला, की बरोबर दीड टक्का फरक पडतो. खात्रीसाठी स्वतः मोजा. नेहमीइतकी हवा भरा, सेन्सर ज्या चाकावर आहे त्याचा व्हॉल्व्ह अगदी खाली आणून फरशीवर खडूने खूण करा. सायकलवर बसूनच सरळ तीन फेरे पुढे जा (वजनाने टायर दबतो, म्हणून बसूनच), व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण. मधलं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, तीनने भागा आणि तो आकडा भरा. आपोआप परीघ ठरवण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करा, नाहीतर पुढच्या राइडला तुमचा आकडा पुसला जाईल.