भुईआवळी सुरू केली, आता गोळी थांबवू का?

प्रश्न : माझे यजमान ४१ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी गणेशोत्सवात त्यांनी रक्तदान केलं आणि आठवड्याभरात रक्तपेढीतून फोन आला, की रक्तात हिपॅटायटिस बी सापडलाय. डॉक्टरांनी टेनोफोव्हिरची रोज एक गोळी सुरू केली. आता यकृताची सूज दाखवणारी रक्ततपासणी, एसजीपीटी, नॉर्मल आली आहे. सासूबाई गावाहून भुईआवळी आणून, सावलीत वाळवून चूर्ण करून देतात. त्यांच्या भावाची कावीळ याच औषधाने उतरली होती. त्यात मोबाइलवर मेसेज आलाय, की भुईआवळीने हा विषाणू महिन्याभरात जातो आणि तसं परदेशी मासिकात छापून आलंय. यजमान म्हणतात, मग गोळी कशाला? काय करू?
— एक वाचक भगिनी, पाटण

उत्तर : ताई, आधी गोळीचं सांगते. ती थांबवू देऊ नका, डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय एक दिवसही नाही. एसजीपीटी नॉर्मल आलंय ते गोळी चालू आहे म्हणून. हा विषाणू यकृताच्या पेशीत, थेट केंद्रकात ठाण मांडून बसतो. गोळी त्याला तिथून हुसकावत नाही, त्याच्या नव्या प्रती निघू देत नाही. गोळी अचानक सुटली की दबलेला विषाणू उसळू शकतो. त्या वेळी यकृताला येणारी सूज कधीकधी जिवावर बेतते.

आता मेसेजचं. तो निम्मा खरा आहे, आणि म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते. १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासच्या संशोधकांचा लेख आला होता. हिपॅटायटिस बी अंगात मुरलेल्या लोकांना त्यांनी भुईआवळीचं चूर्ण दिलं, २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, ३० दिवस. चूर्ण घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण, म्हणजे तुमच्या रिपोर्टवरचं एचबीएसएजी, नाहीशी झाली. ज्यांना नुसतं दिखाऊ औषध दिलं त्या २३ जणांत एकाचीच गेली. मी तेव्हा औषधनिर्माणशास्त्र शिकत होते. ग्रंथालयात त्या लेखाची झेरॉक्स काढली आणि घरी येईपर्यंत तीनदा वाचली. आमच्या परसात उगवणारं, आजी उपटून फेकायची ते रोपटं! ज्यांनी हा विषाणू शोधला आणि १९७६ साली नोबेल मिळवलं, ते बारूक ब्लुमबर्गही याच वनस्पतीवर काम करत होते. आशा वाटायला भक्कम कारण होतं.

मेसेज इथेच थांबतो. पुढे थायलंडमध्ये हाच प्रयोग केला, न्यूझीलंडमध्ये केला. तिथे तो निकाल मिळाला नाही. एकदा आलेला निकाल दुसऱ्याच्या हातून पुन्हा आला नाही, तर त्यावर कुणाचं यकृत सोपवता येत नाही.

मग परीक्षानळीत भुईआवळी विषाणूला अडवते ते खोटं का? नाही, ते दिसतं. पण कसं दिसतं ते समजून घ्या. कच्चा आवळा चावलात की जीभ खरखरीत होते ना? आवळ्यातली तुरट द्रव्यं, टॅनिन, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात म्हणून ती होते. भुईआवळीतही अशी टॅनिन भरपूर आहेत. परीक्षानळीत विषाणूचं विकर, म्हणजे एन्झाइम, ठेवा, वर हा अर्क घाला, टॅनिन त्या विकरालाही चिकटतात आणि काम बंद पडतं. कागदावर 'विषाणूरोधक' अशी नोंद होते. पोटात गेल्यावर मात्र हीच द्रव्यं अन्नातल्या प्रथिनांना चिकटतात, आतड्यात मोडतात, आणि यकृताच्या पेशीपर्यंत त्या रूपात, त्या प्रमाणात पोचत नाहीत. हळदीतल्या कुरकुमिनचीही हीच अडचण आहे. प्रयोगशाळेत ते जवळजवळ सगळ्यावर चालतं, रक्तात फार थोडं उतरतं.

दुसरी गोष्ट रोपाची ओळख. एकदा बाजाराच्या दिवशी जडीबुटीवाल्याकडून भुईआवळीच्या चार जुड्या घेतल्या आणि विद्यार्थ्यांसमोर वर्तमानपत्रावर सोडल्या. पानं आवळ्यासारखी, पानाखाली मोहरीएवढ्या फळांची रांग. लांबून सगळं सारखंच. भिंग लावल्यावर एका ढिगाचे तीन ढीग झाले. एकाचं खोड हिरवं, फळाला बारीक देठ. दुसऱ्याचं खोड लालसर, फळ खरबरीत आणि थेट फांदीला चिकटलेलं. तिसऱ्यात तर भुईआवळीच नव्हती, भलतंच तण होतं. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले, तेव्हाही ती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, यावर बराच वाद झाला. सासूबाईंची नजर चांगली असेलही. पण मी भिंग घेऊन बसणारी, तरी वाळलेल्या चुऱ्यावरून मला सांगता येणार नाही.

सासूबाईंच्या भावाचं खोटं नाही. पावसाळ्यात गावाला होणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई असते, दूषित पाण्यातून आलेली. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या दिवसांत जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. यजमानांचं दुखणं वेगळं, ते आपोआप जाण्यातलं नाही.

हे मी एवढं जीव तोडून लिहितेय, त्यामागे माझा मामा आहे. त्यालाही हिपॅटायटिस बी होता. १९९० साली त्याला भुईआवळीचा रस मीच सुरू करून दिला, ती झेरॉक्स दाखवून. तेव्हा दुसरं फारसं काही हाती नव्हतं, त्यामुळे त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की दहाएक वर्षांनी या विषाणूवर लॅमिव्हुडिनची गोळी आली तेव्हा मामा म्हणाला, "तुझ्या रसाने मी ठणठणीत आहे, तपासणी कशाला?" आणि मी गप्प बसले. पोटात पाणी झालं तेव्हा सोनोग्राफी केली. २००३च्या श्रावणात तो गेला.

म्हणून माझं मत सांगते, चूर्णही बंद करा. उद्या एसजीपीटी वाढलं तर ते विषाणूने वाढलं की चूर्णाने, हे डॉक्टरांना कळायला हवं. आजवर किती दिवस घेतलं तेही त्यांना सांगा, रागावतील म्हणून लपवू नका. रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, मूत्रपिंडाची तपासणी आणि सोनोग्राफी केव्हा करायची, ते तारखेसकट लिहून घ्या. गोळीच्या खर्चाचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून हे उपचार मोफत मिळतात.

आणि तुम्ही स्वतःबद्दल काहीच विचारलं नाहीत, ताई. तुमची आणि मुलांची तपासणी झाली का? निगेटिव्ह असाल तर लस घ्या, मोठ्यांना तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. एका ताटात जेवल्याने हे होत नाही, भांडी वेगळी करू नका. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर मात्र प्रत्येकाचं वेगळं हवं.

प्रश्न : टॅमिफ्लू हे फ्लूचं औषध चक्रीफुलापासून बनतं म्हणे. मग चक्रीफुलाचा काढा घेतला तर?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चक्रीफुलात शिकिमिक आम्ल असतं. कारखान्यात त्यावर एकामागून एक रासायनिक प्रक्रिया करून टॅमिफ्लूतलं ओसेल्टामिव्हिर तयार होतं. ते फुलात नसतं, उकळून येणार नाही. गोड्या मसाल्यात घालता तेवढं घाला. तान्ह्या बाळाच्या पोटदुखीसाठी मात्र चक्रीफुलाचं पाणी कधीही देऊ नका. त्याच्यासारखंच दिसणारं जपानी चक्रीफूल विषारी असतं. परदेशात ते मिसळलेल्या चहाने बाळांना झटके आले आहेत. सुकलेली फुलं शेजारी शेजारी ठेवली तरी डोळ्यांनी फरक ओळखणं कठीण.