नऊला सुटायचं, तर दहा कसे वाजतात?

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेले सात महिने कपड्यांच्या एका दुकानात संध्याकाळी पार्ट-टाइम काम करते. ठरलं होतं पाच ते नऊ, आठवड्याचे सहा दिवस. नऊला शटर अर्धं खाली येतं, पण मग ट्रायल रूममधल्या कपड्यांच्या घड्या, गल्ला मोजणं, झाडू. रोज पावणेदहा-दहा होतात. त्याचे पैसे नाहीत. गल्ल्यात कमी भरलं की आम्हा तिघींच्या पगारातून कापतात. सुट्टीच्या दिवशीही 'दोन तास येऊन जा' म्हणून फोन येतो. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. सुट्टी मागितली, तर मॅडम म्हणाल्या, 'तुझ्या जागी कोणीतरी आणून दे, मग जा.' त्या तशा वाईट नाहीत. 'तू घरचीच आहेस' म्हणतात, म्हणून तर बोलायला जीभ रेटत नाही. माझी फी याच पगारातून जाते. आई म्हणते, सहन कर. मी काय करू?
(नाव छापू नये)

उत्तर : आधी हिशेब करू. रोजची ५० मिनिटं धरली, तर सहा दिवसांचे पाच तास, चार आठवड्यांचे २०. तुझी पाळी चार तासांची आहे. म्हणजे २४ पाळ्यांच्या पगारात तू २९ पाळ्या भरतेस. सुट्टीच्या दिवशीचे 'दोन तास' यात धरलेलेच नाहीत.

मी २२ वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीपट लिहिला. पॅकिंगमधला एक हंगामी मुलगा एकदा जादा थांबल्याचे पैसे मागायला आला. साहेबांनी माझं मस्टर मागवलं. त्यात त्याची सुटायची वेळ रोज एकच होती, कारण तशीच लिही असं मला सांगितलेलं होतं. 'किती दिवस थांबलास?' या प्रश्नाला त्याच्याकडे 'बरेच' याखेरीज उत्तर नव्हतं. तो गेला. त्या रकान्यांतलं अक्षर माझं होतं, आणि ते मला आजही बोचतं. म्हणून तुला पहिली गोष्ट वहीची सांगते.

एक छोटी वही कर. तारीख, आल्याची वेळ, निघाल्याची वेळ, थांबायला कोणी सांगितलं, काय काम केलं, एवढंच. रोजचं रोज लिही. आठवड्याचं एकदम बसून लिहू नकोस, आठवणीतून लिहिलेल्या वेळा गोल होतात आणि समोरच्याला ते लगेच कळतं. सुट्टीच्या दिवशी बोलावल्याचे मेसेज पुसू नकोस. दुकानातल्या बाकी दोघींनाही हे सांग. तीन वह्या जुळल्या, तर तू एकटी कुरकुरतेस असं म्हणता येणार नाही.

दोन आठवड्यांची नोंद झाली की मॅडमशी बोल. गिऱ्हाईक असताना नको, रात्री सगळे दमलेले असतानाही नको. दहा मिनिटं आधी जा आणि एकच विषय काढ, वेळेचा. चारही तक्रारी एकदम मांडल्यास, तर त्या सगळ्यांत सोपी धरून बाकीच्या बाजूला सारतील. असं म्हणता येईल : 'मॅडम, आपलं नऊपर्यंत ठरलं होतं. आवरायला रोज पाऊण-एक तास लागतो. एक तर साडेआठला आवरायला सुरुवात करू या, नाहीतर त्या वेळेचे पैसे धरा. मला दोन्ही चालेल.' दोन पर्याय देणं महत्त्वाचं आहे. त्यातला एक त्यांना काही खर्च न करता मान्य करता येतो. जे ठरेल ते त्याच दिवशी मेसेज करून कळव : 'आज बोलल्याप्रमाणे उद्यापासून साडेआठला आवरायला घेते.' ही ओळ पुढे उपयोगी पडते.

गल्ल्याचं प्रकरण मला सगळ्यांत जास्त खटकलं. ज्या गल्ल्यात तिघींचे आणि मॅडमचेही हात जातात, तिथली तूट तुमच्या तिघींच्या माथी कशी मारता येईल? पाळी सुरू होताना आणि संपताना मॅडमसमोर रक्कम मोजायची, एका कागदावर दोघींनी सही करायची, एवढी मागणी कर. वेतनाच्या संरक्षणाबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९४९चा करार आहे, क्रमांक ९५. त्यात साफ म्हटलंय की पगारातून कपात देशाच्या कायद्याने, सामूहिक कराराने किंवा लवादाच्या निवाड्याने ठरवलेल्या अटींवर आणि तेवढीच करता येते. अर्धवेळ कामासाठीही १९९४चा वेगळा करार आहे, क्रमांक १७५. केवळ अर्धवेळ आहे म्हणून पूर्णवेळ माणसापेक्षा कमी दराने मूळ वेतन देता येत नाही, हे त्याचं एक कलम. हे करार मान्य केलेल्या देशांनाच लागू होतात, त्यामुळे दुकानात जाऊन क्रमांक ऐकवू नकोस. पण आपण मागतोय ते लाडावलेपण नाही, एवढी खात्री तुला त्यातून मिळावी. तुला नेमकं काय लागू आहे, हे कामगार कार्यालयात किंवा कॉलेजच्या कायदा मदत केंद्रात वही घेऊन जाऊन विचार.

परीक्षेचं वेळापत्रक आजच लेखी दे, तारखांसकट. बदली माणूस शोधणं हे दुकान चालवणाऱ्याचं काम आहे. तू एखाद्या मैत्रिणीचं नाव सुचवलंस तर तो तुझा चांगुलपणा, ती रजेची अट होऊ शकत नाही. सुट्टीच्या दिवशी फोन आला तर कारणं देत बसू नकोस. कारण दिलं की ते खोडता येतं. 'आज जमणार नाही, उद्या पाचला येते', बस्स.

मॅडमची प्रत्येक मागणी चूक आहे असंही मी म्हणणार नाही. वर्षातून एकदा माल मोजायचा असतो, एखाद्या संध्याकाळी गर्दी उसळते. आधी सांगून, पैसे धरून थांबायला सांगितलं तर थांब. पण रोजच थांबवायचं असेल, तर ठरलेली वेळच खोटी होती असं म्हणायला हवं.

आणि ते 'घरचीच आहेस'. त्यांचा जिव्हाळा खराही असेल. पण तूट भरायची वेळ आली की तू घरची राहत नाहीस, नोकर होतेस. ते त्यांना ऐकवू नकोस. तू मात्र विसरू नकोस.

बोलूनही काही हललं नाही, तर महिनाभर दुसरीकडे काम शोध, आणि मिळाल्यावरच सोड. रागाच्या भरात मधल्या तारखेला निघालीस, तर राहिलेला पगार मागायला तुलाच खेटे घालावे लागतील. सोडताना लेखी कळव, शेवटचा दिवस लिही, त्या दिवसापर्यंतचा हिशेब माग.

आईने सहन कर म्हटलं, ते तुझी फी डोळ्यांसमोर ठेवून. तिच्याशी वाद घालू नकोस. दोन आठवडे झाले की वहीचं ते पान तिच्यासमोर ठेव आणि बेरीज तिलाच करू दे.