सावरली आणि सावरलं

प्रिय मुली,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. शेतकरी आत्महत्येनंतर घरात मागे राहिलेल्या बायांची मानसिक लवचीकता, म्हणजे संकटातून सावरण्याची ताकद, मोजायची, हा विषय तू मनापासून निवडला आहेस, ते पानापानावर दिसतं. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी अशीच प्रश्नावली घेऊन बसले होते. समोरची बाई वाती वळत होती. ‘संकटातून मी लवकर सावरते’ हे वाक्य वाचून दाखवलं. ‘हो, पूर्ण बरोबर’, ती म्हणाली. मी सर्वांत वरच्या रकान्यात खूण केली. पुढची वाक्यंही तशीच गेली. तिची बेरीज त्या गावात सगळ्यांत जास्त भरली. कागद आवरताना मी सहज विचारलं, रात्री झोप लागते का? तिचे हात थांबले. ‘हे गेले तवापासून झोप कुठची? सोसाच लागते ना बाई. सांगू कोनाले?’

मी लवचीकता मोजत होते आणि ती मला सोसणं सांगत होती. आपल्याकडे बाईनं सोसण्याला इतका मान आहे की ‘मला जमत नाही’ असं परक्या माणसापुढे ती म्हणणार नाही. तेव्हा मापनपट्टीचा, म्हणजे या प्रश्नावलीचा, नुसता मराठी अनुवाद आणि तो पडताळायला परत मूळ भाषेत उलट अनुवाद करून थांबू नकोस. आधी आठ-दहा जणींना प्रत्येक वाक्य ऐकवून विचार, ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ त्या वाक्यांवर दोन महिने गेले तरी चालतील.

‘लवचीकता’ हा शब्द प्रबंधात ठेव, पण अंगणात बसल्यावर ‘सावरणं’ म्हण. या क्रियापदाकडे नीट बघ. ‘ती सावरली’ असं आपण म्हणतो, तसंच ‘जावेनं तिला सावरलं’ असंही म्हणतो. तुझ्या आराखड्यात फक्त पहिलं वाक्य आहे.

एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी हवाई बेटांपैकी कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातली भांडणं, आईवडिलांचं मानसिक आजारपण असे अनेक धोके ज्यांच्या वाट्याला एकत्र आले होते, त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं खंबीर, माणसांत मिसळणारी झाली. मुलांच्या स्वभावाचा त्यात वाटा होताच. पण अशा मुलांजवळ निदान एक भरवशाचं मोठं माणूस असायचं: आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक. पौगंडावस्थेत घसरलेल्यांपैकीही बरेच जण पुढे मार्गी लागले. कुणाला पुन्हा शिकायला मिळालं, कुणाला चांगला जोडीदार. म्हणून एकाच भेटीतल्या आकड्यावर कुणालाही ‘लवचीक’ किंवा ‘कमकुवत’ ठरवू नकोस.

घराजवळचं उदाहरण हवं असेल तर अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ प्रकल्पाचे निष्कर्ष वाच. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशनाला उभं केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. सांगायला जवळ कुणीतरी आलं आणि माणसं बोलली. ‘इथल्या बाया चिवट आहेत’ हा निष्कर्ष मला भीतीदायक वाटतो तो यामुळेच. तो वाचणारा अधिकारी म्हणेल, मग मदत कशाला हवी?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तू नैराश्य मोजण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरणार आहेस. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. कुणी त्यावर ‘हो’ म्हटलं तर त्याच क्षणी काय करायचं, हे ठरल्याशिवाय गावात पाऊल टाकू नकोस. मुलाखत तिथेच थांबव, वही मिट. विचार कधीपासून येतात, काही ठरवलं आहे का, हे सरळ विचार. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. घरात कीटकनाशकाचा डबा कुठे असतो, तेही विचार आणि घरच्या विश्वासातल्या माणसाकडून तो हलव. तिला एकटी सोडून निघू नकोस. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागाचा नंबर आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ तुझ्या सहायकांनाही पाठ हवा. मला रात्री-अपरात्री फोन कर. त्या दिवशीची बाकीची घरं राहिली तर राहू देत.

वाती वळणाऱ्या त्या बाईचं थोडं राहिलं. निघताना तिनं पलीकडच्या घराकडे हात केला. ‘थे बाजूची हाय ना, थे येते रात्री माह्यापाशी निजाले.’ माझ्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. मी ते लिहिलं नाही आणि त्या शेजारणीला भेटलेही नाही.

तू तिच्यासारखीला भेट. प्रत्येक घरात विचार, ‘त्या दिवसांत तुमच्याजवळ कोण होतं?’ आणि त्या माणसाचीही मुलाखत घे. पहिल्या पाच घरांची टिपणं हातानं लिहिलेली असतील तशीच पाठव. गुणांचे तक्ते मागाहून बघू.

तुझी,
बाई