टो बसवण्याआधी बंप स्टिअर तपासा

प्रश्न : आम्ही सांगलीतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी फॉर्म्युला स्टुडंट प्रकारची (विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठीची छोटी रेसिंग) गाडी बांधत आहोत. पुढचे सस्पेन्शन डबल विशबोनचे (प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन दुहेरी दांड्यांनी धरलेले) आहे. यंत्रावर अलाइनमेंट करून घेतली, तरीही खडबडीत रस्त्यावर ब्रेक लावताच गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे ओढते. टो (वरून पाहता चाके पुढच्या बाजूला आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) अनेकदा बदलला, पण उपयोग झाला नाही. नेमके काय तपासावे?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून दोष टोचा नसून बंप स्टिअरचा, म्हणजे चाक वर-खाली होताना टो आपोआप बदलण्याचा, असावा. अलाइनमेंटचे यंत्र उभ्या गाडीच्या चाकांची दिशा मोजते. चाक वर-खाली होताना ती दिशा किती बदलते, हे त्यावर कळत नाही. ब्रेक लावल्यावर गाडीचा पुढचा भाग दबतो आणि खड्ड्यांमुळे दोन्ही चाके वेगवेगळी हलतात, त्यामुळे प्रत्येक चाक आपापला टो बदलत राहते.

प्रथम टायरमधील हवा ठरवून घ्यावी, सपाट जमिनीवर चालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती आसनावर ठेवून गाडीची उंची बसवावी आणि मग कॅस्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) व कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) लावावेत. कॅस्टर आधीच पक्का करायचा, कारण तो बदलला की अपराइट (चाकाचा हब धरणारा भाग) पुढे-मागे कलते आणि स्टिअरिंग आर्मचे (अपराइटवरील चाक वळवणाऱ्या दांड्याचे) टोकही वर-खाली सरकते.

त्यानंतर चेसिस टेकूंवर त्याच उंचीला धरावी, स्प्रिंग काढावी, स्टिअरिंग मध्यावर घट्ट बांधावे, हबवर सपाट पत्रा बसवावा आणि त्यावर पुढे-मागे ३०० मिलिमीटर अंतराने दोन डायल गेज (बारीक अंतर मोजणारी घड्याळी मापके) टेकवावेत. चाक जॅकने ५-५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी २५ मिलिमीटर वर आणि तितकेच खाली न्यावे आणि दोन्ही गेजमधील फरक लिहून ठेवावा. १ मिलिमीटर फरक म्हणजे सुमारे ०.१९ अंश.

खरी माहिती या आलेखाच्या आकारात असते. चाक वर जाताना टो एका दिशेने आणि खाली येताना उलट दिशेने बदलत असेल, तर टाय रॉडच्या (स्टिअरिंग रॅक आणि स्टिअरिंग आर्म जोडणाऱ्या दांड्याच्या) एका टोकाची उंची चुकली आहे. रॉड एंडखाली (दांड्याच्या टोकावरील सांध्याखाली) पॅकिंग घालून किंवा रॅक वर-खाली करून ती सुधारता येते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत अशी पॅकिंग लेथवर सहज करून मिळतील. मात्र पॅकिंग उंच झाले की बोल्टवर वाकवणारा ताण येतो, म्हणून बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा, यात तडजोड करू नये. याउलट वर आणि खाली दोन्हीकडे टो एकाच दिशेने बदलत असेल, तर टाय रॉडची लांबी विशबोनच्या भूमितीशी जुळत नाही. रॉडचे आटे फिरवून हा दोष जात नाही, त्याने केवळ टो बदलतो. त्यासाठी रॅकच्या आतल्या सांध्यांची जागा बदलावी लागते आणि हे काम वेळखाऊ असले तरी टाळू नये.

कॅम्बरचा निर्णय ट्रॅकवर घ्यावा. काही फेऱ्या मारून गाडी परत येताच सुईच्या तापमापकाने टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचे तापमान घ्यावे. आतली कड बरीच जास्त तापली असेल तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणे) कमी करावा, बाहेरची तापली असेल तर वाढवावा.

टो सर्वांत शेवटी बसवावा. वळणात गाडीने चटकन प्रतिसाद द्यावा म्हणून पुढच्या चाकांना किंचित टो-आउट (पुढच्या कडा बाहेर वळलेल्या) ठेवतात. १३ इंची रिमच्या कडांवर मोजलेला १ मिलिमीटर म्हणजे एका चाकाचा साधारण ०.१७ अंश, एवढ्याच लहान पावलांनी बदल करावा. पुढे कधी कॅस्टर किंवा गाडीची उंची बदललीत, तर डायल गेजची मोजणी पुन्हा करा.